शिक्का तुमचा, म्हणून गुन्हा तुमचा?

ऑगस्ट २०२५मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचं आमंत्रण आलं. ३० ऑगस्टची तारीख, लग्नाला जरूर या असा मजकूर आणि सोबत पत्रिकेची फाईल. फाईल उघडली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. ती पत्रिका नव्हतीच. ती एपीके होती, म्हणजे अँड्रॉइड फोनवर बसणारं ॲप. हीच युक्ती कधी वाहनाच्या चलनाच्या नावाने येते, कधी पीएम किसानच्या यादीच्या, तर कधी बँकेच्या केवायसीच्या नावाने. सातारा-सांगलीतल्या कुठल्याही गावच्या ग्रुपवर विचारून पाहा, ‘आम्हालाही आली होती’ म्हणणारा निघतोच.

अशी बातमी आली की खाली प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘शिकलेला माणूस, तरी कसा फसला?’ बँक तेच म्हणते, पोलीस थोड्या सौम्य शब्दांत तेच म्हणतात आणि घरचे तर वर्षभर ऐकवतात. माझं म्हणणं असं की हा प्रश्नच अर्धा आहे. उरलेला अर्धा प्रश्न फोनचा आहे. आपल्या हातातला फोन कुणाच्या सहीवर विश्वास ठेवतो, ती सही तपासतो कशी, आणि तपासणीत खोट निघाली तर भुर्दंड कुणी भरायचा? हे फक्त संगणकवाल्यांनी बोलायचे विषय राहिलेले नाहीत. उसाचं बिल, तासगावच्या बेदाण्याचे पैसे, लाडक्या बहिणीचे १५०० रुपये, परराज्यात गलाई करणाऱ्या मुलाने विट्याला आईकडे पाठवलेली रक्कम, हे सगळं आज त्याच एका काचेमागे आहे.

सही काय सांगते आणि काय सांगत नाही

अँड्रॉइडवरच्या प्रत्येक ॲपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. बनवणाऱ्याकडे किल्ल्यांची जोडी असते. खाजगी किल्ली तो स्वतःकडे ठेवतो आणि तिने ॲपवर सही करतो. दुसरी, सार्वजनिक किल्ली ॲपसोबतच येते. फोन तिच्या मदतीने दोन गोष्टी ताडून पाहतो. एक, सही झाल्यानंतर ॲपमध्ये कुणी काही बदललं आहे का? दोन, जुन्या ॲपवर नवी आवृत्ती बसवायची असेल तर दोन्हींवर एकाच किल्लीची सही आहे का? दोन्ही उत्तरं जुळली तर फोन ॲपला आत घेतो.

सही करणारा माणूस कोण, प्रामाणिक की चोर, हे मात्र फोन विचारत नाही. अँड्रॉइडमध्ये ही सही कुठल्या सरकारी वा खाजगी संस्थेकडून प्रमाणित करून आणावी लागत नाही. ज्याने त्याने आपलं प्रमाणपत्र आपणच बनवायचं. त्यामुळे लग्नपत्रिकेच्या नावाने आलेल्या त्या चोर ॲपवरही सही असते, आणि ती तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर असते.

आपल्या खानापूर-आटपाडीकडच्या गलाई बांधवांना हे समजावून सांगावं लागणार नाही. देशभर जाऊन सोनं-चांदी शुद्ध करणारी ही माणसं. दागिन्यावर शिक्का आहे एवढ्यावर त्यांचं कधी भागत नाही. ते सोनं आटवतात, कस पाहतात, मग भाव बोलतात. फोन मात्र शिक्का पाहून थांबतो, कस पाहण्याचं काम तो तुमच्यावर सोडतो. ‘या ॲपला एसएमएस वाचायची परवानगी द्यायची का?’ अशी चौकट येते, बोट ‘हो’वर जातं आणि ओटीपी परस्पर तिसऱ्याच्या हाती पोचतो. हिंगोलीसारख्या बहुतेक प्रकरणांत फोनचं कुलूप फोडावं लागत नाही. मालकाकडूनच ते उघडून घेतलं जातं.

म्हणून ‘जरा जपून वापरा’ हा सल्ला चूक नाही. पण तो पुरेसा का नाही, ते पुढे पाहू.

तपासणाराच चुकतो तेव्हा

साताऱ्याच्या गादीची, पेशव्यांची जुनी पत्रं पाहिलेल्यांना माहीत असेल. पत्राला शिक्का असायचा आणि मजकूर संपला तिथे मोर्तब. ‘मर्यादेयं विराजते’ अशी ती छोटी मुद्रा. अर्थ सरळ: मर्यादा इथे संपली, याच्या खाली कुणी काही लिहिलं तर ते आमचं नाही. लांब पत्रासाठी कागदाला कागद चिकटवला असेल तर जोडावर पाठीमागून शिक्का मारायचे, म्हणजे मधला कागद कुणाला बदलता येऊ नये. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आज सहज वापरतो, पण त्यामागे ही पक्की समज होती: नुसता शिक्का पुरत नाही, कागदाच्या सगळ्या कडा बंद व्हायला हव्यात.

अँड्रॉइड बनवणाऱ्यांनी सुरुवातीला शिक्का मारला, मोर्तब करायचं राहिलं. एपीके ही मुळात झिप फाईल, म्हणजे अनेक फाइलींचं एक गाठोडं. जुन्या पद्धतीत गाठोड्यातल्या एकेका फाइलीवर सही व्हायची, अख्ख्या गाठोड्यावर नाही. या फटीतून वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे चोरदरवाजे निघाले.

पहिला २०१३चा. ब्लूबॉक्स सिक्युरिटी या अमेरिकन कंपनीने जुलैमध्ये जाहीर केलेल्या या दोषाला ‘मास्टर की’ हे नाव पडलं. गाठोड्यात एकाच नावाच्या दोन फाइली ठेवल्या तर सही तपासणारा भाग एक फाईल पाहायचा आणि ॲप बसवणारा भाग दुसरीच घ्यायचा. एका नावाचे दोन दाखले आहेत, कारकुनाने एक तपासला आणि तिजोरीतून पैसे दुसऱ्यावर दिले, असा हा प्रकार. २००९मधल्या अँड्रॉइड १.६ आवृत्तीपासून हा दोष पडून होता. गूगलला तो फेब्रुवारी २०१३मध्येच कळवला गेला होता आणि गूगलने फोन कंपन्यांना दुरुस्ती दिलीही होती.

दुसरा २०१४चा ‘फेक आयडी’. सहीसोबतच्या प्रमाणपत्रावर ‘मला अमक्याने प्रमाणित केलं आहे’ असं लिहिलेलं असेल तर त्या अमक्याची सही खरंच आहे का, हे अँड्रॉइड तपासतच नव्हतं. एखाद्या भामट्या ॲपने ‘मी ॲडोबीच्या घरचा’ म्हटलं की ॲडोबीला मिळणाऱ्या खास सवलती त्यालाही मिळायच्या.

तिसरा, डिसेंबर २०१७मध्ये उघड झालेला ‘जॅनस’. झिप फाईल वाचणारा तिची यादी शेवटाकडून शोधतो. ॲप चालवणारा भाग मात्र फाइलीची सुरुवात पाहतो. मग खऱ्या ॲपच्या आधी, अगदी सुरुवातीला, आपला चालता कोड चिकटवला तर? तपासणारा शेवटाकडून वाचून म्हणतो, सही बरोबर. चालवणारा सुरुवातीचा घुसवलेला कोड चालवतो. पत्रावरचा शिक्का खरा, सही खरी, फक्त वरच्या कोऱ्या जागेत कुणीतरी दोन ओळी लिहून ठेवलेल्या. अख्ख्या गाठोड्यावर एकच सही करायची नवी पद्धत, म्हणजे खरं मोर्तब, अँड्रॉइड ७ सोबत २०१६मध्ये आली होती. पण जुने फोन आणि जुन्या पद्धतीने सही केलेली ॲप उघडीच राहिली.

हे सगळं प्रयोगशाळेत राहिलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. जुलै २०१९मध्ये चेक पॉइंट या इस्रायली सुरक्षा कंपनीने ‘एजंट स्मिथ’ नावाच्या एका चोर ॲपचा माग जाहीर केला. जॅनससारखे जुने दोष वापरून ते फोनमधली व्हॉट्सॲपसारखी ॲप गुपचूप बदलायचं आणि त्या जागी तसंच दिसणारं, पण आपल्या ताब्यातलं ॲप ठेवायचं. जगभरात सुमारे २ कोटी ५० लाख फोन बाधित झाले. त्यातले सुमारे १ कोटी ५० लाख एकट्या भारतातले. जगातला सर्वांत मोठा वाटा आपला. ते पसरलं ‘नाइन ॲप्स’सारख्या बाहेरच्या ॲप दुकानातून. तेव्हा त्याचा वापर मुख्यतः जाहिराती दाखवून पैसे कमावण्यासाठी झाला. त्याच वाटेने बँकेचं ॲपही बदलता आलं असतं, असा इशारा त्याच अहवालात होता.

वर्षं नीट पाहा. दोष २०१७मध्ये जगजाहीर, दुरुस्तीही तेव्हाच उपलब्ध. आणि २०१९मध्ये दीड कोटी भारतीय फोन त्याच दोषाने पडले. दुरुस्ती निघाली होती, ती आपल्या फोनपर्यंत पोचली नव्हती. ग्राहकाने ‘जपून’ वापरायचं म्हणजे इथे नेमकं काय करायचं होतं?

रूट: घराचा मालक कोण

आता रूटबद्दल. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. तिथे प्रत्येक ॲपला आपली वेगळी खोली मिळते. एका खोलीतल्याला दुसरीत डोकावता येत नाही. बँकेचं ॲप आणि गेमचं ॲप शेजारी राहतात, पण भिंत पक्की. या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या असलेला एक वापरकर्ता असतो, त्याचं नाव रूट. कंपनी फोन विकते तेव्हा रूटचा अधिकार तुम्हाला देत नाही. पैसे तुम्ही मोजले, घर तुमचं, पण वाड्याची मुख्य किल्ली कंपनीकडे.

काही जण ही किल्ली मुद्दाम मिळवतात. कंपनीने लादलेली नको ती ॲप काढायला, जुन्या फोनवर नवं अँड्रॉइड बसवायला, शिकायला. यात मला गैर काहीच वाटत नाही. ज्या वस्तूचे पैसे आपण मोजले तिचं झाकण उघडायचा हक्क आपला असलाच पाहिजे. पण समजून उघडणं वेगळं, आणि कुठल्याशा ‘एका क्लिकमध्ये रूट’ करणाऱ्या ॲपच्या हाती किल्ली देणं वेगळं. ते ॲप फोन रूट करतं ते तरी कसं? फोनमधला एखादा न बुजवलेला दोष वापरून. म्हणजे जे चोर करतो तेच, फक्त तुमच्या संमतीने. पुढे ती किल्ली आणखी कुणाकुणाकडे गेली, हे तुम्हाला कळत नाही.

आणि चोर तर संमती विचारतच नाही. ऑक्टोबर २०१६मध्ये ‘डर्टी काऊ’ नावाचा लिनक्सच्या गाभ्यातला दोष जगासमोर आला. तो २००७पासून तिथे होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘गुलिगन’ नावाचं चोर ॲप उघड झालं. अँड्रॉइड ४ आणि ५ वरचे जुने, आधीच माहीत असलेले दोष वापरून ते फोन परस्पर रूट करायचं आणि गूगल खात्याची ओळखखूण उचलायचं. १० लाखांहून अधिक खाती त्याच्या हाती लागली. बाधित फोनांपैकी निम्म्याहून अधिक आशियातले होते.

इथे पत्रिकेच्या एपीकेत आणि रूट मिळवणाऱ्या चोरात फरक लक्षात घ्या. पहिल्याला तुमचं ‘हो’ लागतं. दुसऱ्याला एकदा आत आल्यावर पुढच्या कुठल्याच दारावर ‘हो’ लागत नाही, कारण भिंतीच उरत नाहीत. आणि फोन जितका जुना, जितका दुरुस्तीविना राहिलेला, तितकं दुसऱ्याचं काम सोपं.

किल्ली कंपनीकडे राहिली म्हणजे सगळं सुरक्षित, असंही नाही. डिसेंबर २०२२मध्ये उघड झालं की सॅमसंग, एलजी, मीडियाटेक अशा कंपन्यांच्या प्लॅटफॉर्म प्रमाणपत्रांनी सही केलेली चोर ॲप बाहेर सापडली आहेत. ज्या सहीने कंपनी फोनच्या मूळ यंत्रणेला आपलं म्हणते, तीच सही चोराच्या मालावर. मुख्य किल्ली ग्राहकाच्या हातून नव्हे, कंपनीच्या कडीकुलपातून बाहेर पडली होती. त्यासाठी ग्राहकाला कुणी ‘निष्काळजी’ म्हणू शकेल का?

बँकेच्या दारात वेगळाच न्याय

आता बँकेच्या ॲपचं वागणं पाहा. फोन रूट केलेला असेल किंवा त्याचं बूट कुलूप उघडलेलं असेल, तर बरीच बँकिंग ॲप चालायला नकार देतात. कारण समजण्यासारखं आहे. पण जो फोन पाच वर्षांत एकदाही सुरक्षा दुरुस्ती न मिळता पडून आहे, पण कुणी छेडलेला नाही, तो अशा तपासणीतून सहसा सुटतो. ज्या तरुणाने आपल्या जुन्या फोनवर खटपट करून ताज्या दुरुस्त्यांसह नवं अँड्रॉइड बसवलं त्याला दार बंद, आणि ज्याच्या फोनची सगळी कुलपं गंजली आहेत त्याला ‘या, बसा’.

मग उपाय काय, जुने फोनही बंद करायचे? अजिबात नाही. तसं केलं तर सर्वांत आधी बाहेर फेकले जातील ते गरीब. घरात नवा फोन कमावत्याला, त्याचा जुना बायकोला, तिचा त्याहून जुना म्हाताऱ्या आईला, ही आपल्याकडची वाटणी आहे. सांगलीच्या मारुती रोडवर किंवा साताऱ्याच्या पोवई नाक्यावर जुना फोन घेणारा गिऱ्हाईक कॅमेरा पाहतो, बॅटरी पाहतो, काचेवर चरा आहे का पाहतो. सुरक्षा दुरुस्ती कोणत्या तारखेची, हे ना तो विचारत, ना दुकानदार सांगत. आणि त्याच फोनवर सरकार त्याला सांगतं, ई-पीक पाहणी ॲपवर पिकाची नोंद कर. बहिणींना नारीशक्ती दूत ॲप घ्यायला लावलं गेलं. हजला जाणाऱ्या आपल्या बुजुर्गांसाठी २०२४मध्ये हज सुविधा ॲप आलं. ॲप नको म्हणायची सोय कमी होत चालली आहे, सुरक्षित फोन मिळण्याची सोय मात्र त्या वेगाने वाढलेली नाही.

आपल्या या दोन जिल्ह्यांचा आणखी एक पेच आहे. इथला पैसा मोठ्या प्रमाणावर सहकारी बँकांतून फिरतो. रिझर्व्ह बँकेने १८ फेब्रुवारी २०२१ला डिजिटल पेमेंटच्या सुरक्षेविषयी सविस्तर निर्देश काढले. मोबाइल ॲप कसं असावं, जुन्या आवृत्त्या किती दिवसांत बंद कराव्यात, असं बरंच त्यात आहे. पण ते निर्देश ज्यांना लागू झाले त्यांत शेड्यूल्ड व्यापारी बँका, लघुवित्त बँका, पेमेंट बँका आणि क्रेडिट कार्ड देणाऱ्या बिगरबँक वित्तसंस्था होत्या. नागरी सहकारी बँका त्या यादीत नव्हत्या. त्यांच्यासाठी २०१९ची वेगळी सायबर सुरक्षा चौकट आहे. लहान बँकेवर मोठ्या बँकेएवढा बोजा टाकू नये, हा विचार मला मान्य आहे. पण चोर खातेदाराची बँक लहान की मोठी हे पाहून येत नाही.

प्रतापसिंह महाराजांचा खटला

आता मूळ प्रश्न. पैसे गेल्यावर जबाबदार कोण?

साताऱ्याने या प्रश्नाची फार मोठी किंमत एकदा मोजली आहे. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना १८३९मध्ये कंपनी सरकारने गादीवरून काढलं. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं, कंपनीच्या फौजेतल्या लोकांना फितवलं, असे आरोप होते. आधार म्हणून पत्रं आणि शिक्के पुढे केले गेले. ते कागद बनावट आहेत, आम्हाला ते दाखवा, आमचं ऐकून घ्या, असं महाराजांची बाजू सांगत राहिली. त्यांचे वकील रंगो बापूजी थेट लंडनला गेले आणि तिथे वर्षानुवर्षं हेच मांडत राहिले. न्याय मिळाला नाही. महाराज १८४७मध्ये काशीत वारले. शिक्का तुमचा दिसतो, म्हणून गुन्हा तुमचा. शिक्का खरा की खोटा, कुणाच्या हातात होता, हे सिद्ध करायचं ओझं ज्याच्यावर आरोप त्याच्याच डोक्यावर.

आज बँकेच्या खिडकीवर सामान्य माणसाला वेगळं काय ऐकायला मिळतं? ‘ओटीपी तुमच्या फोनवर आला, व्यवहार तुमच्या फोनवरून झाला, म्हणजे तुम्हीच केला.’

गंमत म्हणजे नियम असं म्हणत नाहीत. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक व्यापारी बँकांसाठी आहे आणि १४ डिसेंबर २०१७चं सहकारी बँकांसाठी. दोन्हींचा गाभा एकच. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, उदाहरणार्थ त्याने गुप्त माहिती दिल्यामुळे, नुकसान झालं तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. पण चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, व्यवस्थेत अन्यत्र आहे, अशा वेळी बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर शून्य जबाबदारी. आणि सर्वांत महत्त्वाचं: ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे.

आता वरचे सगळे दोष आठवा. सही तपासणाऱ्यात खोट, दुरुस्ती निघूनही फोनपर्यंत न पोचणं, कंपनीची किल्ली बाहेर पडणं. ‘व्यवस्थेत अन्यत्र’ म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? माझं म्हणणं स्पष्ट आहे. फसवणुकीची तक्रार आली की फोनची सुरक्षा दुरुस्ती कोणत्या तारखेची होती आणि त्यावर काय बसलं होतं, हे तपासल्याशिवाय ‘ग्राहकाचा निष्काळजीपणा’ हा शेरा मारायची मुभा बँकेला नसावी. जो शेरा मारेल त्याने पुरावा द्यावा.

काय व्हायला हवं

पहिली मागणी फोन कंपन्यांकडे आणि सरकारकडे. औषधाच्या पट्टीवर मुदत छापतात, बिस्किटाच्या पुड्यावर छापतात. फोनच्या खोक्यावर किंमत आणि उत्पादनाचा महिना असतो, मग ‘सुरक्षा दुरुस्ती अमुक महिन्यापर्यंत’ ही एक ओळ का नको? हे अशक्य नाही. ब्रिटनने एप्रिल २०२४पासून कंपन्यांना किमान मुदत जाहीर करणं बंधनकारक केलं आहे. युरोपीय संघात जून २०२५पासून, एखादं मॉडेल बाजारात आणणं थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट देणं बंधनकारक आहे. तेच फोन बनवणाऱ्या कंपन्या इथे विकतात. युरोपातल्या ग्राहकाला जे मिळतं ते कवठेमहांकाळच्या ग्राहकाला का नाही?

दुसरी मागणी बँका आणि सरकारी कार्यालयांकडे. व्हॉट्सॲपवर एपीके पाठवायची नाही, कुणी कर्मचाऱ्याने पाठवली तर कारवाई. एकीकडे ‘अनोळखी फाईल उघडू नका’ म्हणायचं आणि दुसरीकडे आपलंच ॲप ग्रुपवर फिरवायचं, यातून लोकांना नेमकी चुकीची सवय लागते. फोन जुना असेल तर दार बंद करण्याऐवजी बँकेने रोजची मर्यादा कमी ठेवावी, नव्या खात्यावर पहिली रक्कम जायला काही तास लावावेत. गरीब माणूस बाहेर फेकला जाणार नाही, चोराची घाई मात्र फसेल.

तिसरी गोष्ट गूगलची. ऑगस्ट २०२५मध्ये गूगलने जाहीर केलं की यापुढे टप्प्याटप्प्याने, प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बसणाऱ्या प्रत्येक ॲपच्या निर्मात्याला आपली ओळख पटवावी लागेल. सप्टेंबर २०२६मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून सुरुवात, पुढे जगभर. सहीमागचा माणूस कोण, हा आजवर न विचारलेला प्रश्न यातून विचारला जाईल, आणि लग्नपत्रिकावाल्या चोरांना त्याने अडचण होईल. त्याचं स्वागत. पण एका कंपनीने ठरवायचं की तुमच्या फोनवर कुणाचं ॲप बसेल, हा अधिकारही लहान नाही. स्वतःसाठी ॲप बनवणाऱ्या विद्यार्थ्याला, जुन्या फोनवर मुक्त सॉफ्टवेअर चालवणाऱ्याला, जाणतेपणी आपली जबाबदारी घेऊन आत येण्याची वाट उघडी राहिली पाहिजे. सुरक्षेच्या नावाखाली मालकी काढून घेण्याचा अनुभव आपल्याला इतर क्षेत्रांत भरपूर आहे.

चौथी गोष्ट आपल्या घरची. मिरज, सांगली, कराड, साताऱ्याच्या मोबाइल दुरुस्तीच्या गाळ्यांवर बसलेली बरीच पोरं आपल्या मोहल्ल्यांतली आहेत. दहावी-बारावीनंतर कुणाच्या तरी हाताखाली शिकून उभी राहिलेली. खरं सांगायचं तर या दोन जिल्ह्यांत सायबर सुरक्षेचा पहिला डॉक्टर हाच पोरगा आहे. आई-बहिणी फोन उघडून त्याच्या हातात देतात, पासवर्डसकट. त्याच्यावर एवढा विश्वास आहे, तर त्याला तेवढं शिक्षणही मिळायला हवं. आयटीआयने, सहकारी बँकांनी, जमातीच्या शैक्षणिक संस्थांनी मिळून चार रविवारचा वर्ग घेतला तरी पुरे: दुरुस्तीची तारीख कशी पाहायची, बाहेरचं ॲप कसं ओळखायचं, गिऱ्हाइकाच्या फोनला काय करू नये. जुना फोन विकताना ‘याला आता दुरुस्ती येत नाही, यावर बँकेचं ॲप ठेवू नका’ एवढं एक वाक्य त्याने सांगितलं, तर कितीतरी घरं वाचतील. त्यात त्याचा धंदाही बुडणार नाही, उलट नाव होईल.

आणि तोवर तुम्ही-आम्ही काय करायचं? सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ या भागात जाऊन सुरक्षा पॅचची तारीख पाहा. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल तर त्या फोनला जोडलेल्या खात्यात थोडेच पैसे ठेवा. व्हॉट्सॲप आणि ब्राउझरला ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल करण्याची’ परवानगी दिली असेल तर काढून घ्या. एसएमएस आणि ॲक्सेसिबिलिटीची परवानगी कुणाकुणाकडे आहे ते एकदा वाचा. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ती इन्स्टॉल करावी लागत नाही. आणि फसलातच तर आधी फोनचं नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून लगेच १९३० लावा, बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा आणि पोच घ्या. ती फाईल, तो मेसेज पुसू नका, तोच तुमचा पुरावा आहे. लाज वाटून गप्प बसण्यात जे दिवस जातात, त्यातच तुमचा हक्क निसटतो.

पुढचा फोन घ्यायला जाल तेव्हा काउंटरवर एवढंच विचारा: ‘याला सुरक्षा दुरुस्ती कधीपर्यंत मिळणार?’ दुकानदाराला उत्तर येणार नाही, तो वरच्याला विचारेल. शंभर गिऱ्हाइकांनी विचारलं तर वरचा कंपनीला विचारेल. कायदा येईल तेव्हा येईल. हा प्रश्न विचारायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.